विहिरीचा सीन आणि आमची गिरणी

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. धुळ्याला पांझरेच्या अलीकडच्या गल्लीत पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं, म्हणजे आबा, माय, माझा थोरला भाऊ प्रल्हाद आणि मी. मधलं दार पिठाने आणि ओलीने असं फुगलेलं की ते कधी लागलंच नाही. सकाळी आठला आबा खटका दाबायचे. मोटर आधी घुमायची, मग पट्टा हलायचा आणि पट्ट्याचा सांधा चाकावर आपटून ठक्, ठक् सुरू व्हायचं. ते दुपारच्या जेवणाचा तास सोडला तर दिवेलागणीपर्यंत चालायचं. देवाजवळची घंटा वाजवली तर देवालाही ऐकू जात नसेल, असं माय म्हणायची. पीठ सगळीकडे. पापण्यांवर, शाळेच्या वह्यांत, पाण्याच्या माठावरच्या झाकणीवर. पाहुणे आले की आधी उपरण्याने पाट झटकायचे आणि मग बसायचे.

गिरणीत बोलायची भाषा हातांची. अंगठा बोटावर घासला की बारीक, मूठ उघडझाप केली की जाडं भरडं, कपाळावर आडवा हात म्हणजे संध्याकाळी ने. दळण घेऊन येणाऱ्या बायकासुद्धा हे शिकलेल्या असत. आबा त्यात सगळ्यांत हुशार. बाई उंबरठ्यावर उभी राहून नुसते ओठ हलवायची आणि आबांना कळायचं की हिला भाकरीचं हवंय, हिला पापडाचं हवंय आणि हिला दळण नकोच आहे, सुनेबद्दल सांगायचंय. आम्हाला त्याचं फार कौतुक वाटे.

पण खरा महत्त्वाचा आवाज वेगळाच होता. वरच्या पत्र्याच्या डब्यात दाणे असेपर्यंत दगड भरल्या तोंडाने बोलल्यासारखा घरघरतो. दाणे सरत आले की त्याचा आवाज पातळ होतो, वर चढायला लागतो, पट्ट्याची ठकठक घाई करते. तेवढ्यात डब्यात दळण ओतलं नाही किंवा चाक फिरवून दगड सैल केला नाही, तर दगडावर दगड घासतो. मग ठिणग्या, जळका वास, पिठात कचकच, आणि टाकी लावून ठोकलेला दगड पुन्हा ठोकायला घ्यायचा. म्हणून तो पातळ आवाज सुरू झाला की घरातलं जे माणूस जिथे असेल तिथून पळत सुटायचं. भाऊ एकदा अंगाला साबण लावलेला तसाच आला होता आणि पाच बायकांनी एकदम पदर तोंडाला लावले होते. मी जेवत असले तर माय म्हणायची, "जेवन ऱ्हाऊ दे, पहिले धाव." माझं अर्धं लहानपण निवलेल्या भाकरीवर गेलं. अजूनही शेजारच्या फ्लॅटमध्ये मिक्सर रिकामा फिरला की मी खुर्चीतून उठते. साठी जवळ आली, गुडघे कामातून गेलेत, पण आधी मी उठते आणि मग मला गुडघे आठवतात.

बारावी झाली आणि गिरणी माझ्या गळ्यात पडली. आबा म्हणाले, उभं राहून पाय दुखतात. ते दाराशी पोत्यांच्या थप्पीवर बसू लागले, दळण मोजून घ्यायचं, नावाची चिठ्ठी लावायची, एवढंच बघू लागले. "डबाकडे तू ध्यान ठेव," असं त्यांनी मला एकदा सांगितलं, आणि त्या दिवसापासून माझं दावं त्या डब्याला बांधलं गेलं. दावं किती लांब होतं तेही मला ठाऊक होतं. नळापर्यंत जाता यायचं. नळाच्या पुढे हमीदचाचांचं बँडचं दुकान, तिथल्या पायरीपर्यंत गिरणी ऐकू यायची. त्याच्या पुढे चार पावलं टाकली की रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज तिला गिळून टाकायचा, म्हणून मी ती चार पावलं टाकत नसे. मैत्रिणी कॉलेजात गेल्या, दोघींची लग्नं झाली, एकीच्या लग्नाला मी नळापर्यंत जाऊन वरात बघून आले. नवरीने घोड्याच्या मागून हात केला, मीही केला, आणि परत आले.

अशात जळगावच्या अध्यापक विद्यालयात माझा नंबर लागल्याचं पत्र आलं. राहायला वसतिगृह, दोन वर्षं, मग मास्तरीण. पत्र मी आबांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून मला परत दिलं आणि म्हणाले, "पोरगी एकटी जळगावले नको. आठे काय कमी शे तुले?" मी काहीतरी बोलायला गेले, पण त्यांनी मान फिरवली होती. आबा मान फिरवायचे तेव्हा विषय संपलेला असायचा. माझा इतका संताप झाला की त्या दिवशी चार घरांच्या ज्वाऱ्या मी एकाच पोताने दळून काढल्या, जाडं नाही आणि बारीक नाही. हजर व्हायला पंधरा दिवस होते.

संताप वाढायला आणखी एक कारण होतं, ते म्हणजे भाऊ. गिरणी खरं तर त्याने बघायची. पण त्याने लग्नाची शूटिंग करायचा कॅमेरा घेतला होता, आणि लग्नं नसली की तो आणि त्याचे दोस्त मिळून सिनेमा काढत होते. आमच्या बोलीतला, डाकूंचा. हिरो शिंपी होता, खलनायक एस.टी.त कंडक्टर, आणि हिरॉइन मिळत नव्हती म्हणून गोष्टीत ती सुरुवातीलाच माहेरी गेलेली दाखवली होती. आबा त्याला काही बोलत नसत. पोराने कॅमेरा खांद्यावर घेऊन गाव हिंडावं आणि पोरीने डबा सांभाळावा, हे मला दगडापेक्षा जड वाटे.

त्या सिनेमाचा जीव होता विहिरीचा सीन. हिरो दोरीला लटकून विहिरीत लोंबतोय आणि वर काठावर कंडक्टर विळ्याने दोरी कापतोय, एकेक पीळ सुटतोय. त्यांनी तो भडगावकडच्या एका मळ्यात घेतला होता, आणि शिंपी खरोखरच लोंबला होता, हाताला फोड येईपर्यंत. चित्र झकास आलं होतं. पण बघताना काही वाटत नव्हतं. आवाज नंतर भरायचा होता आणि ते काम हमीदचाचांच्या दुकानात चालायचं. हमीदचाचांचा लग्नाचा बँड. वाद्यं दुरुस्त करायची, पोरांना वाजवायला शिकवायची आणि मोसमात वराती करायच्या, हा त्यांचा धंदा. दुपारी जेवणासाठी गिरणी बंद असायची तो तासभर मला सुट्टी, तेव्हा मीही त्या पायरीवर जाऊन बसायची. मांडवाला लावून झालेले केळीचे खांब त्यांनी गोळा करून आणले होते. खांबावर बॅट हाणली की ठोसा, विळा घातला की वार. हाडं मोडायला कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या. आणि या सगळ्यावर चाचांचा ढोल, ताशा आणि शिट्टी मारल्यासारखी क्लॅरिनेट, पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत.

"निर्मला, तूच सांग," भाऊ एकदा कंटाळून म्हणाला, "ह्याम्हा काय कमी शे?"

"वरात वाटस," मी म्हटलं. "तो लटकेल शे आन तुम्ही नाचाले लाई ऱ्हायनात."

भाऊ चिडला. चाचा मात्र हसले आणि त्यांनी ढोल खाली ठेवला. मला म्हणाले, "बरोबर शे बेटी. मानूसले जागावरथीन उठनं वाटाले पाहिजे, आन उठता येवाले नको. बस, इतलंच काम शे आपलं. पन ते ढोलवर व्हत नही, मन्हाबी ध्यानम्हा येई ऱ्हायनं." मग त्यांनी मला परत तो सीन आवाज बंद करून दाखवला. दोरीचा एक पीळ सुटला, दुसरा सुटला. दोरी बारीक होत चालली. आणि माझ्या पाठीतून ती ओळखीची कळ गेली. उठावंसं वाटणं आणि उठता न येणं, यातलं पहिलं मला रोज दहादा होत होतं आणि दुसऱ्यात तर मी राहतच होते.

मी भावाला म्हटलं, टेपरेकॉर्डर घेऊन गिरणीत चल. त्याला कळलं तेव्हा त्याचा चेहराच उतरला. "आबा मारी टाकतीन," तो म्हणाला. जाणूनबुजून दगड रिकामा वाजवायचा, हे आमच्या घरात पाप होतं. पण आबा तेव्हा मागल्या अंगणात चाळण विणत बसले होते, आमच्याकडे पाठ करून, फार तर पंधरा पावलांवर. मला वाटलं, येऊ देत, बोलू देत, एकदा काय ते होऊन जाऊ दे. मी शेरभर बाजरी ओतली आणि भावाने रेकॉर्डर दगडाच्या पेटीवर धरला. आवाज पातळ झाला. चढला. ठकठक घाईला आली. भावाचे पाय जागच्या जागी नाचायला लागले. माय स्वयंपाकघरातून धावत आली, आम्हाला बघून थबकली आणि तिने तोंडावर हात ठेवला. दगड किंचाळला, तेव्हा मी चाक फिरवलं. आबा उठले नाहीत. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही, चाळणीची तार ओढत राहिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलाच्या सिनेमापायी दगड झिजला तर चालतो, त्याला एक अक्षर बोलायचं नाही, आणि माझं जळगाव मात्र पोरीची जात म्हणून नको. मी आबांशी बोलणं सोडलं. त्यांना ते लक्षातही आलं नाही असं वाटत होतं, आणि त्याचा मला जास्त राग येत होता.

सिनेमा रविवारी दुपारी गल्लीच्या टोकाच्या समाजमंदिरात दाखवला. एक टीव्ही टेबलावर टेबल ठेवून उंच केला होता आणि त्याला चाचांच्या वरातीचे दोन भोंगे जोडले होते. गिरणी बंद होती. मी स्वतः खटका पाडून आले होते, हे मुद्दाम सांगते. आबा पुढच्या रांगेत, त्यांच्या मागे माय आणि मी. पहिला अर्धा तास लोक हसत होते, कारण शिंप्याला घोड्यावर बसता येत नव्हतं. मग विहीर आली. चाचांनी ढोल, ताशा, क्लॅरिनेट, सगळं काढून टाकलं होतं. आधी नुसती रहाटाची कुरकुर, खाली पाण्यात पडणारे खडे. मग कुठून तरी लांबून घरघर सुरू झाली, आणि पहिला पीळ सुटल्यावर ती थोडी पातळ झाली. लोकांचं हसणं बंद झालं. माझ्या शेजारच्या बाईने माझा दंड धरला. दुसरा पीळ सुटला. आवाज चढला. तिसरा.

आणि माय उठली. पदर खोचून ती बायकांच्या मांड्यांवरून ओलांडत दाराकडे धावली. तिच्यामागे मी. टेबलाजवळ उभा असलेला भाऊ, ज्याने तो आवाज स्वतः टेपवर घेतला होता, तोही दोन पावलं धावला. समाजमंदिरात हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "काय वं, घर पेटनं का?" मी दारात भानावर आले आणि ओशाळून मागे वळले. तेव्हा मला आबा दिसले. आम्हा गिरणीवाल्या चौघांत ते एकटेच जागेवर बसून होते. समोर बघत होते, शिंप्याच्या लोंबत्या पायांकडे बघून गालात हसत होते, जसं पहिल्या अर्ध्या तासात हसत होते. भोंगा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता.

मग लोक कशाला हसताहेत म्हणून त्यांनी मागे पाहिलं. मायची रिकामी जागा पाहिली, माझी पाहिली, दारात आम्हाला पाहिलं. पडद्यावर दगड किंचाळत होता. आबांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा भोंग्याकडे, आणि मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. पकडला गेलेला माणूस तसा दिसतो. त्यांनी पटकन मान खाली घातली.

घरी येताना मी मायला विचारलं, तुला माहीत होतं का. ती नळाजवळ थांबली आणि म्हणाली, "माले वाटे, नवरा मानूस शे, बायकोनं नही आयकस." ती हसली आणि मग पदराने डोळे पुसू लागली. आबांचे पाय दुखत नव्हते. मान फिरवली की विषय संपायचा, कारण मान फिरवली की त्यांना आमचे ओठ दिसत नसत. कानांची गोष्ट बाहेर पडली असती तर दोन गल्ल्या सोडून दुसरी गिरणी होतीच, बहिऱ्याकडे दळण कोणी टाकलं नसतं. म्हणून मी डब्याशी हवी होते. आणि मला काय वाटलं ते मी खरं सांगते. मला त्यांची दया आली, आणि त्या दयेने मी जास्तच अडकले. रागावलेल्या बापाला सोडून जाता येतं. आठवडाभर मी रागच शोधत होते आणि तो सापडत नव्हता.

भाऊ म्हणाला, मी बसतो गिरणीवर. एक दिवस बसला. दुसऱ्या दिवशी कोणाचं तरी साखरपुड्याचं शूटिंग होतं. मी पत्राची घडी उघडली नाही.

हजर व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी आबांनी दळण घ्यायचं बंद केलं आणि पुढचं दार लोटून घेतलं. गेल्या आठ दिवसांत ते माझ्याशी बोलले नव्हते, मीही नाही. त्यांनी घरचं कळणं डब्यात ओतलं, ज्वारी आणि उडीद, आमच्या रोजच्या भाकरीचं. मला मधल्या दाराच्या उंबरठ्यावर बसायला लावलं. म्हणाले, "तठे बस. काही व्हवो, उठानं नही. माले हात सांगस." आणि त्यांनी डावा तळवा दगडाच्या लाकडी पेटीवर टेकवला, उजवा चाकावर ठेवला आणि डोळे मिटले. गेले आठ दिवस मी दळत असताना ते अधूनमधून पेटीवर तळवा टेकवून उभे राहायचे, ते हेच शिकत असावेत. खटका मायने दाबला आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली.

दगड भरल्या तोंडाने घरघरत होता. आबांचा चेहरा शांत होता. थोड्या वेळाने आवाजात तो बारीक फरक पडला, जो फक्त आम्हालाच कळतो. आबा हलले नाहीत. अजून वेळ आहे, मी स्वतःला सांगितलं. पातळ झाला. ठकठक वाढली. माझ्या मांड्या आपोआप उचलल्या गेल्या, तेव्हा मायने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. आता, मी मनात म्हटलं. आता, आबा. त्यांच्या कपाळावर घामाने पीठ भिजून ओघळ आला होता. दगड चढत गेला आणि मी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. हाक मारून उपयोग नव्हता. मी उठले असते तर तीन ढांगांत चाकाशी पोचले असते, आणि मग जन्मभर तिथेच राहिले असते. दगड किंचाळला. पेटीच्या फटीतून एक ठिणगी उडालेली मी पाहिली, आणि तेव्हा कुठे आबांनी चाक फिरवलं.

मायने खटका पाडला. आबांनी डोळे उघडून थेट माझ्याकडे पाहिलं. भुवया उंचावल्या आणि तळवा उताणा केला. गिरणीच्या भाषेत, जमलं का.

मी मान हलवली. जमलं. वेळेवर.

ते वाकले. सवयीप्रमाणे पिठाच्या तोंडाशी हात नेऊन त्यांनी चिमूटभर पीठ घेतलं, अंगठ्याने बोटावर घासलं आणि नाकाशी नेलं. जळका वास मला उंबरठ्यावर येत होता. आबांनी चिमूट तशीच धरून पुन्हा माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी चेहरा हलू दिला नाही. मग त्यांनी हात धोतराला पुसला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात मायला म्हणाले, "हिन्ही ट्रंक काढ माळावरथीन."

मी खोटं बोलले होते आणि ते त्यांना कळलं होतं. मी उठले, आणि ट्रंक खाली घ्यायला मायला हात लावला.